गाणं संपल्यावरचा अर्धा तास

(शाळेचा पॅसेज, सकाळ)

सकाळचे आठ वाजलेत आणि या एका पॅसेजमधे एकाच वेळी पाच-सहा गाणी चालू आहेत. जिन्याखाली एक शाळा, पाण्याच्या टाकीजवळ दुसरी, तिकडे सायकल स्टँडला पाठ करून तिसरी, आणि प्रत्येकाची धडपड एकच की आपली पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा, सुटू नये, कारण शेजारच्यांची पट्टी वेगळी आहे आणि त्यांचा तबलाही जोरात आहे. हे मिरज. आंतरशालेय समूहगान स्पर्धा. सातवी ते नववीची मुलं, एक देशभक्तीपर गाणं आणि एक लोकगीत किंवा प्रार्थना, दोन्ही मिळून दहा मिनिटं, त्यानंतर बेल.

निळ्या साडीतल्या बाई बघा. एका हातात मोबाईल, त्यावर तानपुऱ्याचं ॲप चालू, दुसऱ्या हाताने मुलांना मात्रा दाखवतायत. शाळेत त्या इतिहास-भूगोल शिकवतात. त्यांच्या शाळेत संगीत शिक्षकाची जागा नाही, बाईंना गाता येतं म्हणून गाणं त्यांच्याकडे आलं. मग मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, शनिवारची सकाळची शाळा झाली की तासभर. पेटी त्यांच्या घरची. तबल्याला शाळेचाच माजी विद्यार्थी, तो आज कॉलेज बुडवून आलाय.

गाणं बसवायचं म्हणजे आधी पट्टी ठरवायची, आणि सगळी गोची तिथेच असते. मुली काळी चारमधे, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी सा धरून, मोकळ्या गातात. पण आठवी-नववीच्या मुलांचे आवाज फुटायला लागलेत, त्यांना वरचा सा गाठताना गळा आवळावा लागतो. पट्टी खाली आणली की मुलं खूश होतात, पण मुलींचे खालचे सूर नुसती हवा होऊन जातात, ऐकूच येत नाहीत. मग बाई काय करतात, धृपद सगळ्यांना देतात, वर जाणारा अंतरा फक्त मुलींना, आणि मुलं तिथे खालून फक्त शेवटचा शब्द उचलतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. करून करून सापडलंय.

(स्टेशनकडून गावात येणारा रस्ता, मग जुना वाडा)

ही स्पर्धा मिरजेत होते याला एक अर्थ आहे, त्यासाठी जरा मागे जाऊया.

१८७२ साली इथून जवळच कुरुंदवाडला विष्णू दिगंबर पलुसकरांचा जन्म झाला. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याच्या दारूने डोळे भाजले, नजर जवळजवळ गेली. उपचारासाठी मिरजेला आणलं, डॉक्टर भडभडे यांनी सांगितलं की मुलाला गाणं शिकवा. तेव्हा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते, ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे तेच. त्यांच्याकडे हा मुलगा शिकायला राहिला. गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, आणि गुरूच्या मनात असेल तेव्हा शिकायचं, अशी तेव्हाची पद्धत होती. एका वेळी एकाच शिष्याला, तेही बंद दाराआड.

१८९६ मधे त्यांनी मिरज सोडलं, गावोगाव फिरत लाहोरला पोचले, आणि ५ मे १९०१ ला तिथे गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, वेळापत्रक, परीक्षा, छापलेली स्वरलिपी. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा गाणं ही वर्गात बसून दहा-वीस जणांनी मिळून शिकायची गोष्ट आहे असं म्हणणं फार मोठं धाडस होतं. आणि एकदा वर्ग आला की समूहगान आलंच. पलुसकरांच्या शाळेत प्रार्थना सगळ्यांनी मिळून व्हायची. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे पुढे साबरमती आश्रमात गेले, तिथली सकाळ-संध्याकाळची प्रार्थना त्यांनी बसवली, १९३० च्या दांडी यात्रेत ते स्वतः चालले. तिथे जी रामधून सगळ्यांच्या तोंडी होती तिची चाल पलुसकरांची मानतात. ती गाणारे काही गवई नव्हते, साधी माणसं होती, कुणी महाराष्ट्रातलं तर कुणी गुजरातचं, आणि तरी ते एका सुरात चालत होते. पलुसकर १९३१ मधे गेले, तेही मिरजेतच. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं, ज्याच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा आज गावागावातली मुलं देतात. आजच्या परीक्षकांपैकी दोघं याच परीक्षा देऊन पुढे आलेत.

मधल्या काळात वसंत देसाईंचं नाव घ्यायलाच हवं. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या सिनेमातली त्यांची प्रार्थना देशभरातल्या शाळांनी आपली म्हणून उचलली, आणि महाराष्ट्रात 'एक सूर एक ताल' करून त्यांनी हजारो शाळकरी मुलांना मैदानात एकत्र गायला लावलं. निवडून काढलेली आठ मुलं नव्हे, अख्खी शाळा. हे पुढे आपल्याकडून का सुटलं हा प्रश्न मला या स्पर्धेच्या शूटिंगमधे सारखा पडत होता.

(सतारमेकर गल्ली, भोपळे)

हे वाळवलेले भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याकडून येतात. खाण्याचे नाहीत, कडू जातीचे. एकोणिसाव्या शतकात मिरजेत फरीदसाहेब होते, मूळ घराणं शस्त्रं बनवणारं, हत्यारांची मागणी संपत गेली तसे ते तंतुवाद्यांकडे वळले. त्यांची पुढची पिढी, आणि त्या पिढीकडे शिकलेले कारागीर, आजही इथे सतार आणि तानपुरे करतात. २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅगही, म्हणजे गावाच्या नावाची कायदेशीर ओळखही, मिळाली.

कारागिराचा हात जवळून बघा. घोडीवर तार टेकते तिथे एक साधा सुती दोरा सरकवलाय, तो केसभर पुढे, केसभर मागे, आणि मधेच एका जागी तार एकदम बोलायला लागते. याला जवारी खुलणं म्हणतात. नुसता सा वाजत असतो पण त्यात वरचे कितीतरी सूर तरंगायला लागतात.

हाच तानपुरा आज स्टेजवर आहे. आयोजकांनी एक नियम केलाय आणि तो मला फार आवडला, ॲप बाहेर प्रॅक्टिसला चालेल, स्टेजवर मात्र खराखुरा तानपुरा. दहा मिनिटं का होईना पण मुलाच्या कानाजवळ खरी जवारी वाजली पाहिजे. या गावात जे तयार होतं ते याच गावातल्या पोरांनी ऐकलेलं नसतं, म्हणजे काय.

(हॉल, स्पर्धा सुरू)

पांढरा शर्ट, खाकी पँट, मुलींना निळा स्कर्ट, गळ्यात केशरी शेला. दुसऱ्या शाळेच्या मुली नऊवारीत, त्यांच्याकडे ढोलकी. तिसरी शाळा खेड्यातून पहाटेच्या एसटीने आलीये, त्यांच्या पेटीचा एक सूर अडकतो आणि पेटीवाल्या मुलीने तो सूर टाळून वाजवायची सवय करून घेतलीये, तिची बोटं बघा.

स्टेजवर दोनच माईक. समोर उभ्या तिघांचा आवाज सगळ्यांच्या वर येतो. लय पण वाढते, जवळपास प्रत्येकाचीच. पहिलं कडवं चालत, तिसरं धावत. टाळ्या मात्र सगळ्यांना सारख्याच जोरात.

आता समोरच्या टेबलावर या. तीन पाहुणे परीक्षक. कोल्हापूरहून आलेल्या बाई, आयुष्यभर शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेल्या. पुण्याचे एक गायक, ग्वाल्हेरच्या तालमीतले. आणि मडगावहून आलेले सर, जे चर्चच्या आणि शाळेच्या कॉयरला शिकवतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळा होत्या, तिथे मेस्त, म्हणजे संगीत शिकवणारे मास्तर, मुलांना स्वर वाचायला शिकवायचे, व्हायोलिन हातात द्यायचे, आणि त्याच शिक्षणातून आलेल्या गोवेकर वादकांनी पुढे मुंबईत हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा उभा केला. समूहाने गायचं कसं हे ज्यांच्याकडे शेकडो वर्षं शाळेत शिकवलं जातंय त्या भागातला माणूस आपल्या समूहगानाला परीक्षक म्हणून बोलवावा ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला सलाम.

गुणपत्रिकेत पाच रकाने. सूर, ताल-लय, शब्दोच्चार, आवाजांचा एकजीवपणा, सादरीकरण. पण खाली मोकळी जागा सोडलीये आणि ती भरणं परीक्षकांना बंधनकारक आहे. हे कागद नंतर शाळांना मिळतात. कोल्हापूरच्या बाईंचा हात थांबतच नाही.

(स्टेज, सगळी मुलं पुन्हा वर)

आणि आता ज्याच्यासाठी हा व्हिडिओ केला तो अर्धा तास. निकाल अजून लागलेला नाही. बक्षीस समारंभाच्या आधी तिघं परीक्षक स्टेजवर येतात आणि मुलांना खाली बसवून त्यांच्याशी बोलतात. भाषण नाही. काम करून घेतात.

कोल्हापूरच्या बाई पसायदानावर आल्या. आज ते चार शाळांनी गायलं होतं. "बाळांनो, चाल विसरा. नुसतं बोला माझ्याबरोबर." आता विश्वात्मके देवे. मुलं बोलली. "गाताना तुम्ही श्वास कुठं घेतला? विश्वा, आणि मग श्वास, आणि मग त्मके. मधेच मोडला की देव." मग 'खळांची' मधला ळ. बऱ्याच जणांचा ल होत होता. त्यांनी जीभ कुठे वळते ते स्वतःच्या तळहातावर बोट वाकवून दाखवलं, आणि सगळा हॉल, पालकांसकट, ळ म्हणायला लागला. मग पडो मैत्र जीवाचे एका श्वासात, आधी बोलून, मग टाळीवर, मग चालीत. तीन मिनिटांत तीच ओळ वेगळी ऐकू येते, ऐका तुम्हीच.

पुण्याच्या सरांनी तबलेवाल्यांना पुढे बोलावलं. ते म्हणाले, गाणारे पळत नाहीत रे, तुम्ही पळवता, समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीची जी मात्रा आहे तिथे घाई होते. फक्त ठेका. भजनी ठेका, बाकी काही नाही, तिहाई नाही, आणि सगळ्यांनी मनात मोजायचं. निळ्या साडीवाल्या बाईंचा माजी विद्यार्थी तिसऱ्या आवर्तनाला हसतो, त्याला कळलं.

मग मडगावचे सर. त्यांचं मराठी कोकणी वळणाचं, मुलांना ऐकायला मजा वाटत होती. त्यांनी पहिल्यांदा माईक बंद करायला सांगितले. "बाजूच्याचा आवाज येत नसेल तर तू मोठ्याने गातोस. कमी कर." एवढं एकच. मग अर्ध्या मुलांना सा धरायला लावला, अर्ध्यांना पंचम, म्हणजे प, तोंड मिटून, नुसतं गुणगुणत. पहिल्यांदा पंचमवाले सा कडे घसरले. पुन्हा. बहुतेक जण कणसूर, म्हणजे सुरापासून किंचित सरकलेले, होते. पुन्हा. सर मधे फिरतायत, एकेकाच्या खांद्याजवळ कान नेतायत, हाताने थोडं वर, थोडं खाली. चौथ्या वेळी सा आणि पंचम असे बसले की तानपुऱ्याशेजारची मुलगी दचकून तारांकडे बघते, तिला वाटलं तानपुरा वाजवला कुणीतरी. तानपुरा कुणी वाजवत नव्हतं. सर नुसतं "बरें" म्हणाले, आणि पुण्याच्या सरांकडे वळून हसले, दोन वेगळ्या परंपरांची माणसं आणि दोघांना एकच गोष्ट ऐकू येतेय.

आपल्याकडे शाळेच्या स्पर्धा कमी नाहीत. पण बहुतेक ठिकाणी परीक्षक येतात, श्रीफळ घेतात, आकडे लिहितात, नावं वाचली जातात, आणि पहिले तीन सोडून उरलेल्या पोरांना कळतही नाही की आपलं नेमकं काय राहिलं. पाहुणे लांबून आलेले असतात, त्यांच्या डोक्यात सगळं असतं, त्यांना कुणी विचारतच नाही. विचारायला फक्त अर्धा तास लागतो.

(बक्षीस समारंभ)

परीक्षकांची चर्चा बंद खोलीत झाली, तिथे कॅमेरा नव्हता. नऊवारीतल्या मुली पहिल्या आल्या, एसटीने आलेली शाळा दुसरी, ढाल, फोटो, टाळ्या.

(हॉलच्या पायऱ्या)

निळ्या साडीतल्या बाईंच्या शाळेला काही मिळालं नाही. पण बघा, त्या मडगावच्या सरांना पायरीवर गाठून उभ्या आहेत, हातात वही. विचारतायत, ज्यांचे आवाज फुटलेत त्या मुलांचं काय करू, पुढच्या वर्षी घेऊ की नको. सर म्हणाले, घ्याच. घरी बसवलंत तर परत गाणार नाहीत. वरचं काही देऊ नका, एक सप्तक खालून द्या, नाहीतर तो आत्ता केलेला सा द्या धरायला, चार-पाच सुरांतच गाऊ दे, पण गाऊ दे रोज, हळू. आवाज बसायला सहा महिने लागोत की वर्ष.

मागे उभा असलेला तो उंच मुलगा, नववीतला, अंतऱ्याला फक्त शेवटचा शब्द होता त्याला. तो विचारतो, "सर, म्हणजे पंचम पण खालचा घ्यायचा काय?" आणि सर तिथेच पायरीवर त्याला खालचा पंचम देतात. बाई वहीत पट्टी लिहून घेतायत.