जांभूळ गेलं, बदलीचं झाड कुठे आहे?

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय 'खाजगी जागेतली झाडं आणि नियम'. नियमांकडे येतोच, पण आधी आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका जांभळाबद्दल बोलू द्या.

आमच्या शेजारच्या कौलारू घराच्या परसात ते होतं. मिरगाच्या सुमारास जांभळं पडायला लागली की सगळी गल्ली जांभळी. पोरांच्या शर्टांवरचे डाग कुठल्याच साबणाला दाद द्यायचे नाहीत. रात्री वटवाघळांचा गोंधळ. समोरच्या काकू रोज झाडू घेऊन करवादायच्या, "हे झाड एकदा गेलं तर बरं की!" आणि ते तोडलं त्या दिवशी त्याच काकू दार लावून आत बसल्या होत्या.

घर पाडून तिथं अपार्टमेंट व्हायचं होतं. मालकांनी रीतसर परवानगी काढली होती, हे मुद्दाम सांगतो. चोरून काहीच झालं नाही. परवानगीत अटही होती, बदली झाड लावा. फेब्रुवारीत करवत लागली, मार्चमध्ये गेटजवळ दोन रोपं लागली, फोटो निघाला, कागद फायलीत गेला. आपली तांबडी माती मार्चमध्ये कशी होते, ते इथं बसलेल्या शेतकऱ्यांना मी काय सांगू? पहार मारली तरी टवका निघत नाही. एप्रिल सरता सरता दोन्ही रोपं वाळली. पुढं त्या जागी पार्किंगच्या फरश्या बसल्या. मी संबंधित कार्यालयात विचारायला गेलो, तर उत्तर मिळालं, "लावली होती ना? फोटो आहे की." त्या फोटोचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

जाता जाता आणखी एक. 5 जूनला आपण सगळे खड्डे खणून हार घालून रोपं लावतो. मृग निघायलाही दोन-तीन दिवस असतात हो! हसलात, पण यंदा तुमच्या गल्लीतली रोपं आठवून बघा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली आहेत. तेव्हा भराभर सांगतो.

आपल्याकडे कर्नाटकाचा 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. त्याच्या कलम 8 प्रमाणे झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नीलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक, नारळ अशा काही झाडांना सूट आहे. परवानगी देताना अधिकारी अट घालू शकतो, की त्याच किंवा दुसऱ्या योग्य जातीचं झाड, त्याच जागी किंवा दुसऱ्या योग्य जागी, तोडल्यापासून 30 दिवसांत लावा. पण पुढचे शब्द कुणी वाचत नाही: किंवा अधिकारी वाढवून देईल त्या मुदतीत. म्हणजे फेब्रुवारीत तोडलेल्या झाडाची भरपाई जुलैच्या पावसात करायची सोय कायद्यातच आहे. ती मागायची असते, आणि आपण मागत नाही.

सीमेवरची शिनोळी आली की महाराष्ट्र. तिथं शहरी भागात 2021 च्या दुरुस्तीनं तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी झाडं लावायची अट आली. आकडा मोठा आहे, चांगलंच आहे. पण मला आकड्याहून जागेची काळजी जास्त. टिळकवाडीतल्या जांभळाची भरपाई गावाबाहेरच्या माळावर झाली, तर आमच्या गल्लीतली पाखरं आणि सावली परत येत नाहीत. शोभेचा उंच अशोक लावूनही येत नाहीत. त्याच गल्लीत, पसरणारं झाड हवं, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते जिवंत आहे का हे कुणीतरी येऊन बघायला हवं. ही पाहणी परवानगीच्या अटीतच लिहून घ्या, असा आग्रह आपण धरायचा.

मुदतवाढीच्या अर्जाचा मसुदा मी दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, कन्नडमध्ये आणि मराठीत. कार्यालयात कन्नडचाच द्या, म्हणजे भाषेच्या कारणानं परत येणार नाही. ज्यांच्या गल्लीत बांधकामाचा फलक लागलाय, त्यांनी आज एक प्रत नक्की न्यावी.