निंबोळ्या पडायला लागल्या आहेत

श्रोतेहो, नमस्कार.

मृगाच्या सरी येऊन गेल्या. आमच्या पुसदकडे या दिवसांत कडुनिंबाखालून गेलं की निंबोळ्या पायाला चिकटतात. पिवळ्याधमक, पिकलेल्या. सकाळी आंगण झाडताना सगळा सडा गोळा होतो आणि उकिरड्यावर जातो. मला ते बघवत नाही. वाडीतल्या भाजीपाल्याचं वर्षभराचं औषध आपण केरात टाकतो. म्हणून आज बोलायला बसले आहे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत वेचल्या तर वेचल्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट बघायची.

निंबोळी वेचून पाण्यात चोळायची, गर निघून जातो. बी सावलीत वाळवायचं. लागेल तेव्हा मूठभर बी कांडायचं. प्रमाण सोपं आहे: 1 लिटर पाण्याला 50 ग्रॅम भरड. ती फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजू द्यायची. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी पिळली की ताकासारखं पांढुरकं पाणी निघतं. ते गाळून घ्यायचं आणि त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवायचा, म्हणजे अर्क पानावर टिकतो. फवारायचा मात्र ऊन उतरल्यावर. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, उन्हात लवकर मोडतं. केलेला अर्क त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवू नका.

आता एक गोष्ट आधीच सांगते, कारण इथेच बरेच जण नाराज होतात. फवारल्यावर अळी लगेच मरून पडत नाही. ती खाणं सोडते, तिला कात नीट टाकता येत नाही, आणि तीन-चार दिवसांत ती सुकत जाते. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की टोळांनी सगळं हिरवं फस्त केलं, पण कडुनिंबाची झाडं तशीच उभी आहेत. पुढे 1962 मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या भरडीचं पाणी पिकावर मारून दाखवलं, टोळ त्याला तोंड लावत नव्हते. आपल्या आज्या ज्वारीच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालायच्या, ते उगीच नव्हतं.

आणि आता उलटं सांगते. निंबोळ्या जरूर वेचा, पण अर्क फवारायची घाई करू नका.

माझ्या वाडीत पहिल्या वर्षी चवळीवर काळा मावा आला, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. शेंड्यांवर नुसता थर. त्याच शेंड्यांवर बारीक, करड्या रंगाचे, नारिंगी ठिपक्यांचे, सुसरीच्या पिल्लासारखे दिसणारे किडे फिरत होते. मला वाटलं, हेच चवळी खातात. एक-एक वेचून मारले. आठ दिवसांत मावा दुप्पट झाला. पुढे कृषी विभागाच्या एका ताईंनी वाडी पाहिली तेव्हा कळलं, की मी मारली ती ढालकिड्याची पिल्लं होती. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला किडा आपण सगळे ओळखतो, पोरं तो हातावर घेऊन खेळतात. पण त्याचं लहानपणचं रूप कुणी ओळखत नाही. असा एक किडा आयुष्यात शेकडो मावा खातो. माझी चवळी वाचवायला आलेल्यांना मीच संपवलं होतं. तेव्हापासून मी शेंड्यावर मावा दिसला की दोन दिवस काही करत नाही. पान उलटून बघते. ढालकिडा असला, किंवा मावा फुगून तपकिरी, कडक झालेला दिसला, तर हात लावत नाही. असा फुगलेला मावा म्हणजे त्याच्या पोटात गांधीलमाशीच्या जातीची इवलीशी माशी वाढते आहे.

या इवल्या माशीला कमी लेखू नका. 2008 पासून दक्षिणेत पपईवर पिठ्या ढेकूण पसरला. पांढऱ्या कापसासारखा. पुढे तो महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांतही पोचला. औषधांचा त्याच्यावर फारसा उपाय चालेना, कारण अंगावर मेणाचा थर. मग 2010 मध्ये बंगळूरच्या कीटक संशोधन संस्थेने पोर्तो रिको बेटावरून या ढेकणाच्या मूळ शत्रू असलेल्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या माश्या आणल्या, वाढवल्या आणि बागांमध्ये सोडल्या. काही महिन्यांत ढेकूण आटोक्यात आला. परसातल्या पपईवर आपण जहाल औषध मारतो तेव्हा पहिला बळी या माशीचा जातो. मेणाखालचा ढेकूण मागे उरतोच.

मुंगळ्यांकडेही लक्ष असू द्या. मावा आणि ढेकूण गोड चिकटा सोडतात, मुंगळे तो खातात आणि बदल्यात त्यांची राखण करतात. खोडावरून मुंगळ्यांची रांग दिसली की समजायचं, वर काहीतरी आहे.

वांग्याचं वेगळं. शेंडा मान टाकतो, आत अळी असते, तिला फवारा पोचतच नाही. तिथे सोपा उपाय: दर आठवड्याला सुकलेला शेंडा दोन बोटं खालून खुडायचा आणि जाळून टाकायचा. कारल्या-दोडक्याची किडकी फळं वेलाखाली पडू देऊ नका आणि खताच्या खड्ड्यातही टाकू नका. हातभर खोल पुरा. नाहीतर फळमाशी तिथूनच परत उठते.

पण मला खरं बोलायचं आहे ते मातीविषयी. बायका मला विचारतात, ताई, दर वर्षी तुमच्याकडे मावा कमी कसा? मी त्यांना विचारते, तुम्ही युरिया टाकता का? युरियातलं नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत, गर्द हिरवी होतात. आपल्याला बरं वाटतं. माव्यालाही तेच हवं असतं.

आपली काळी माती चिवट आहे, पाणी धरते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि सेंद्रिय भाग भराभर जळून जातो. तो परत घालावा लागतो, दर वर्षी. आमच्या पुसदचेच नारायण देवताओ पांढरीपांडे यांनी यासाठी नाडेप टाकं शोधून काढलं. त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून ते नाव पडलं. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच विटांचं टाकं, भिंतींना भोकं, म्हणजे आत हवा खेळते. त्यात काडीकचरा साधारण चौदाशे किलो आणि शेण फक्त शंभर किलोच्या आसपास, शिवाय चाळलेली माती आणि पाणी. तीन-चार महिन्यांत खत. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की शेण थोडं लागतं. ज्याच्याकडे एकच गाय आहे त्यालाही हे जमतं. आंगणात जागा नसेल तर जुन्या पिंपाला सगळीकडून भोकं पाडा, रीत तीच ठेवा.

ताजं शेण मात्र वाफ्यात टाकू नका. मी टाकलं होतं, आणि मिरचीच्या मुळाशी हुमणी निघाली. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली. कुजलेलं खत हातात घेतलं की मातीसारखा वास यावा, शेणाचा नाही. वर सोयाबीनचा कुटार, म्हणजे भुसा, पसरवा, तीन बोटं जाड. पावसाचा मार बसत नाही आणि गांडुळं वर येतात.

चुलीच्या राखेबद्दल. पानावर चिमूटभर भुरभुरवायला हरकत नाही. पण घमेलं भरून काळ्या मातीत घालू नका. आपली माती आधीच चुनखडीची, राखेने ती आणखी बिघडते. कोकणातल्या तांबड्या, आंबट मातीत तीच राख उपयोगाची.

आणि एक गोष्ट मनापासून. दहा झाडांच्या पाल्याचा जो दशपर्णी अर्क करतात, त्यात कण्हेर असते, रुई असते. ती विषारीच आहेत. तंबाखूचं पाणी तर जहरच. झाडपाल्याचं आहे म्हणून नाका-तोंडाला फडकं न बांधता फवारू नका, आणि ज्या पालेभाजीचं उद्या वरण करायचं तिच्यावर तर मुळीच नाही. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना 20 पेक्षा जास्त माणसं विषबाधेने गेली. त्यांतले पुष्कळ मजुरीने फवारायला गेलेले होते. ज्या घरांतली माणसं गेली, त्या घरांतल्या बायका आज माझ्यासोबत वाडी लावतात. पंप आजही त्यांना हातात घ्यावासा वाटत नाही. त्यांना मी निंबोळी दाखवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, याने माणसाला काही होत नाही ना?

मी सांगितलं, योग्य प्रमाणात, तोंड बांधून, हात धुऊन.

उद्या सकाळी आंगण झाडाल तेव्हा निंबोळ्या वेगळ्या काढा. वाळवलेलं बी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी येते. गोणपाटात किंवा कापडी थैलीत भरून वाऱ्याला टांगा. चारजणांच्या घरच्या वाडीला दोन-तीन किलो बी पुरतं.

नमस्कार.