पेटी पाठवता काय? देवगडातल्या एका वेबसाइटची गोष्ट

[दृश्य: सकाळ, कातळावरची कलमं, काका घळीने आंबा उतरवतायत]

हे माझे काका. तालुका देवगड, दीडशेच्या आसपास कलमं, आणि हातात दिसतेय ती घळ, म्हणजे आंबा देठासकट अलगद उतरवायची जाळीची काठी. चाळीस वर्षं काकांची पेटी वाशीला गेली, तिकडून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, येईल ती खरी, भाव काय लागला ते पट्टी हातात पडल्यावर कळायचं. मग २०२० चं लॉकडाऊन आलं, मार्केटचं काही खरं नव्हतं आणि झाडावर आंबा तयार, तेव्हा कोकणातल्या बऱ्याच बागायतदारांनी केलं तेच काकांनी केलं, ओळखीपाळखीत व्हॉट्सअ‍ॅप फिरवला आणि टेम्पो भरून पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत उतरवल्या.

मजा आली. पैसेही चांगले मिळाले. मग कोणीतरी म्हणालं वेबसाइट काढा, काढली. आणि पुढचे दोन सीझन त्या वेबसाइटवरून एक, अक्षरशः एक पण ऑर्डर आली नाही.

[दृश्य: खळ्यात काका, समोर लॅपटॉप]

मी ठाण्याला असतो, होळीला गावी गेलो तेव्हा काकांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "रे झिला, ह्याचा काय ता बघ, पैसे पाण्यात गेले." मी एसईओवाला, म्हणजे साइट गुगलवर वर आणून देणारा, वगैरे काही नाही हां, ऑफिसात अकाउंट्स बघतो, जे शिकलो ते यूट्यूब आणि गुगलची स्वतःची मार्गदर्शक पानं वाचून, रात्री, मच्छर मारत. पण सगळ्यात पहिली गोष्ट जी शिकलो ती एका मिनिटात करता येते आणि ती सगळ्यांनी आत्ता करून बघा. गुगलच्या डब्यात इंग्रजीत साइट टाईप करायचं, त्याला चिकटून कोलन, आणि जागा न सोडता आपल्या वेबसाइटचा पत्ता. आपली जी पानं गुगलला माहितीयत त्यातली दिसायला लागतात.

आमची आली शून्य.

म्हणजे आम्ही दहाव्या पानावर नव्हतो, आम्ही नव्हतोच. गुगलचं काम साधारण तीन टप्प्यांत चालतं, त्यांचा बॉट, म्हणजे आपोआप फिरणारा प्रोग्रॅम, लिंक पकडत पकडत पानांवर येतो, पान वाचून आपल्या साठ्यात म्हणजे इंडेक्समध्ये ठेवतो, आणि कोणी काही शोधलं की त्या साठ्यातून काढून दाखवतो. साठ्यातच नसाल तर पुढचं सगळं बोलणं फुकट. आणि का नव्हतो, तर साइट वर्डप्रेसवर आहे, त्याच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग नावाच्या पानावर खाली एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये असा. साइट बनत असताना अर्धवट पानं बाहेर दिसू नयेत म्हणून तो टिक करतात, त्यात चूक काही नाही. ज्याने आम्हाला बनवून दिली तो ती टिक काढायला विसरला. बस एवढंच. दोन सीझन.

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दोन वर्सां दारच बंद व्हतां?"

[दृश्य: स्क्रीनवर सर्च कन्सोल]

टिक काढली. मग सर्च कन्सोल, हे गुगलचंच आहे, फुकट आहे, साइट आपली आहे हे सिद्ध करायला एक छोटा कोड टाकावा लागतो तेवढीच कटकट. तिथे साइटमॅप म्हणजे आपल्या पानांची यादी दिली, होमपेज इंडेक्स करा अशी विनंती टाकली. काही दिवसांनी परत कोलन लावून बघितलं तर पानं आली, मी काकूला पेढे आणायला सांगत होतो, काका म्हणाले आधी गिऱ्हाईक आण.

बरोबर होतं त्यांचं. कारण आता आम्ही गुगलमध्ये होतो पण आमच्या बागेचं पूर्ण नाव टाकलं तरच दिसायचो, आणि आमच्या बागेचं नाव आमच्याशिवाय कोणाला माहितीय?

मग मी आमची साइट पहिल्यांदा नीट वाचली. टायटल, म्हणजे गुगलच्या निकालात जी निळी मोठी ओळ दिसते ती मुख्यतः ज्यावरून बनते ते, तिथे लिहिलं होतं 'होम'. फक्त होम. खाली 'अस्सल कोकणी परंपरेचा वारसा जपत दर्जेदार फळांची सेवा सादर करीत आहोत'. आणि दर कुठे, तर व्हॉट्सअ‍ॅपला पाठवतो तसलं रंगीत पोस्टर, फोटोच्या आत सगळी अक्षरं, डझनाचा भाव, वजनाप्रमाणे ग्रेड, फोन नंबर सगळं फोटोत. आता फोटोतल्या अक्षरांवर गुगलने भरवसा ठेवावा असं काही नाही, पानावर साधा मजकूर पाहिजे. पूर्ण साइटवर 'देवगड हापूस' हे दोन शब्द मजकुरात एकत्र एकदाही नव्हते. फळ होतं, सेवा होती, वारसा होता. हापूस पोस्टरमध्ये.

आणि हा घोळ फक्त आमचा नाही, तुम्ही मराठी माणसाची कुठलीही छोट्या धंद्याची वेबसाइट उघडा, मसाल्याची, चादरीची, होमस्टेची, निम्म्या ठिकाणी हाच वारसा आणि हीच परंपरा सापडेल, माल काय आणि कसा मिळेल ते शोधावं लागतं.

[दृश्य: फोनशेजारची वही, पानं उलटताना]

मग आता लिहायचं काय? इथे मी दोन दिवस कीवर्डची टूल्स चाळत बसलो, कुठल्या शब्दाला महिन्याला किती सर्च वगैरे, आणि खरं सांगायचं तर डोकं उठलं. उत्तर फोनच्या शेजारी पडलेलं होतं. काकांना सवय आहे, आलेला प्रत्येक फोन वहीत लिहायचा, तारीख, गाव, आणि समोरच्याने काय विचारलं. चार सीझनची वही. वाचून दाखवतो.

पुणे, घरपोच देता काय. डोंबिवली, पेटीत किती डझन. नाशिक, कार्बाइड घालता काय. पुणे, आंबा हिरवा आला, आता काय करू. ठाणे, साका निघाला, म्हणजे आंबा आतून खराब निघाला, तर पैसे परत मिळतात काय. आणि एक न्यू जर्सीचा फोन, अमेरिकेला पेटी पाठवता काय, आणि नसेल तर इथून पैसे भरून पुण्यात आईकडे पाठवता काय.

हेच प्रश्न लोक गुगललाही विचारतात, फोनवर विचारायच्या आधी. मग आम्ही एकेक घेतला. पेटीतले डझन, वजनाच्या ग्रेड, कुठल्या शहरात कशी जाते, हे सगळं पोस्टरमधून काढून साध्या मजकुरात, होमपेजवर वरतीच. टायटल केलं 'देवगड हापूस आंबा पेटी, थेट बागेतून पुणे-मुंबई घरपोच'. हिरवा आंबा घरी कसा पिकवायचा याचं वेगळं पान, गवतात आढी कशी लावायची, दोन आंब्यांत जागा किती, त्याचे फोटो काकूने काढले. कार्बाइडचं पान, की ते वापरायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे आणि आम्ही काय करतो. अमेरिकेचं पान, की तिकडे आंबा जायला आधी विकिरण, म्हणजे फळावर किरणांची प्रक्रिया, लागतं, २००७ पासून तशीच परवानगी आहे, त्यामुळे घरची पेटी कुरियरने जात नाही, पण आईकडे पुण्याला हमखास पोचेल.

एक वाद झाला तो शब्दांवरून. अर्धे लोक मराठीत शोधतात, अर्धे इंग्रजी अक्षरांत हापूस लिहितात तेही तीन-चार स्पेलिंगनी, आणि काहीजण अल्फान्सो म्हणतात. काकांचं म्हणणं सगळी स्पेलिंगं तळाला लिहून टाक. नको, ते वाचायला भिकार दिसतं आणि शब्द असे कोंबणं गुगलच्या नियमांप्रमाणे स्पॅमही ठरतं. स्पेलिंगचा घोळ गुगल बऱ्यापैकी समजून घेतो. आम्ही मराठी पान वेगळं आणि इंग्रजी पान वेगळं केलं, प्रत्येकाला आपापला पत्ता, इंग्रजीत अल्फान्सो आणि हापूस दोन्ही ओघात आलं. तसंच मेटा कीवर्ड नावाची एक जागा असते, तिथे शब्द भरायला अजूनही लोक सांगतात, गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय की आम्ही ते बघत नाही. तिथे वेळ घालवू नका.

फोटो. काकूच्या फोनमधला एकेक फोटो पाच-सहा एमबीचा, आणि देवगडात आमच्या घरी रेंज म्हणजे माडाखाली उभं राहिलं तर. पान उघडेपर्यंत आंबा पिकेल. गुगल म्हणतं पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. फोटो बारीक करून वेबपी फॉरमॅटमध्ये टाकले, प्रत्येकाला ऑल्ट टेक्स्ट म्हणजे फोटोत काय आहे त्याची साधी ओळ दिली. मोबाइलवर नीट दिसतंय का हे आधी बघा, लॅपटॉपवर नंतर, गुगलपण मोबाइलचंच पान धरून चालतो.

[दृश्य: काका फोनवर, स्पीकर चालू]

हा जो फोन चाललाय तो एसईओ विकणाऱ्याचा, असा आठवड्यातून एकदा तरी येतो. पंधरा दिवसांत पहिला नंबर, गॅरंटी. गुगलने स्वतः लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही, आणि बदल करून फरक दिसायला साधारण चार महिने ते वर्ष धरा. या फोनवाल्याच्या पॅकेजमध्ये शंभर लिंक्स होत्या, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या, विकतच्या. असल्या लिंक्सच्या मागे गुगल २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून हात धुऊन लागलंय. वर पंचवीस शहरांची पंचवीस पानं, मजकूर तोच, फक्त पुणे काढून नाशिक घातलेलं, तेही नियमात बसत नाही. काका सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "माका पयलो नंबर नको, माका गिऱ्हाईक व्हया."

गुगल बिझनेस प्रोफाइल मात्र काढलं, फुकट असतं, मॅपवर बाग दिसायला लागली. तिथेही काकांच्या दोन आयडिया हाणून पाडाव्या लागल्या. एक, नावातच 'बेस्ट देवगड हापूस पुणे मुंबई' लिहूया, तर नाही, पाटीवर असेल तेच नाव द्यायचं नाहीतर प्रोफाइल बंद होऊ शकतं. दुसरी, जो रिव्ह्यू देईल त्याला दोन आंबे फुकट. रिव्ह्यूच्या बदल्यात काही द्यायला गुगलची मनाई आहे. काका नाराज झाले, दोन आंबे म्हणजे काय लाच झाली का. मी म्हटलं काका, आंबे द्या, रिव्ह्यूचं नाव काढू नका.

[दृश्य: जून, पाऊस, रिकाम्या पेट्या रचलेल्या]

आणि आता जे सांगतो ते मला कुठल्याच व्हिडिओत लवकर सापडलं नाही. काका दरवर्षी पाऊस लागला की आंब्याचं पान डिलीट करायचे. आंबा संपला, पान कशाला. आणि मार्चमध्ये नवीन पान, नवीन पत्ता, पत्त्यात नवीन साल. म्हणजे गुगलच्या दृष्टीने दर मार्चमध्ये एक नवाच माणूस आंबे विकायला उभा, कोणी आधीच्या पानाला लिंक दिली असेल ती तुटलेली. आता पान एकच, पत्ता एकच, त्यात साल नाही. जूनमध्ये वर फक्त एक ओळ बदलते, 'यंदाचा हंगाम संपला, पुढच्या हंगामासाठी नाव नोंदवा'. आणि चार महिने धरायचे म्हटले तर पुढच्या सीझनचं लिखाण मार्चमध्ये करून उपयोग नाही, दिवाळीत बसावं लागतं, कलमांवर मोहोराची वाट बघत.

सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांचा हिशोब मागचा दिसतो, आंब्याला ते बरोबर पुरतं, मे अखेरीला बसलं तर गेल्या वर्षीचा मार्च अजून समोर असतो. ऑर्डरी वाढल्यात, पण वाशी अजून बंद नाही झाली, अर्धा माल आजही तिकडेच जातो, उगाच कोणाला भलतं स्वप्न दाखवत नाही. आणि गुगल आता वरतीच एआयचं उत्तर देतो, भारतात २०२४ पासून, त्यामुळे आंबा कसा पिकवायचा हे वाचून काही लोक आमच्या पानापर्यंत येतही नसतील. पेटी मात्र एआय पाठवत नाही.

[दृश्य: संध्याकाळ, खळ्यात दोघे, दिवा]

काल यादी बघत होतो, लोक काय शोधून आपल्यापर्यंत येतात त्याची. एक प्रश्न सारखा दिसत होता ज्याचं पान आम्ही केलेलं नाही, हापूसमधला साका कसा ओळखायचा. मी म्हटलं काका, हे लिहायला नको, लोक घाबरतील, घेणार नाहीत. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तू लिव, मी सांगतंय. साको भायरसून दिसणा नाय. आंबो कापल्यावरच कळता. लिवलंस?"