वळिवाच्या आधी टीव्हीच्या मागे डोकवा

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यातली दुपार डोळ्यांपुढे आणा. झाडाचं पान हलत नाही, घामानं जीव नकोसा झालेला असतो. चारच्या सुमाराला आभाळ एका बाजूनं काळंभोर होतं, धुळीचा लोट उठतो, पत्रे वाजायला लागतात आणि लाईट जाते. दोन मिनिटांत येते, लगेच पुन्हा जाते. तिसऱ्यांदा येते तेव्हा घरातले दिवे नेहमीपेक्षा जास्त लखलखीत दिसतात. हा लखलखाट मला घाबरवतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर कोण कोण उभं असणार, हे मला तिथंच कळून चुकतं.

मिरजेत गेली 26 वर्षं मी टीव्ही आणि ऑडिओची दुरुस्ती करतो. पूर्वी लोक रेडिओ, टेप आणायचे. आता रिक्षात आडवा घातलेला मोठा टीव्ही येतो, त्याच्याबरोबर होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारी पेटी येते, खर्जाचा मोठा स्पीकर म्हणजे सबवूफर येतो. माणसानं दोन-तीन वर्षं पैसे बाजूला टाकून हे सगळं जमवलेलं असतं आणि ते एका संध्याकाळी जातं.

गेल्या मे महिन्यात एक निवृत्त गुरुजी असेच आले. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी पाच स्पीकर आणि सबवूफरचा संच घेतला होता, कारण त्यांना गाणं ऐकायचं वेड. टीव्हीचा पॉवर बोर्ड गेलेला, रिसीव्हरचा स्टँडबाय सप्लाय गेलेला, सबवूफरमधून जळकट वास येत होता. त्यांनी पिशवीतून स्पाईक गार्डची पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “अहो, हा लावला होता की! मग हा कशासाठी असतो?”

मी ती पट्टी उघडून त्यांना दाखवली. आतली चकती काळी ठिक्कर पडली होती. पट्टी खोटी नव्हती. तिला जे काम येतं त्यापेक्षा वेगळंच संकट आलं होतं. त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर आज मला तुम्हा सगळ्यांना द्यायचं आहे, कारण आपण ‘व्होल्टेज वाढलं’ या एकाच शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो, बराच वेळ चढलेला दाब, क्षणभराचा झटका आणि अचानक गेलेली लाईट, आणि तिन्हींवर एकच औषध विकत घेतो.

गुरुजींच्या गल्लीत झालं होतं ते असं. डीपीवरून, म्हणजे भागातल्या ट्रान्सफॉर्मरवरून, गल्लीत येणाऱ्या तारांमध्ये तीन फेज असतात आणि एक न्यूट्रल. तुमच्या घरात एक फेज आणि न्यूट्रल येतो, त्यांच्यामधला दाब 230 व्होल्ट. पण दोन फेजमधला दाब 400 व्होल्ट असतो. वाऱ्यानं फांदी पडली आणि न्यूट्रल तुटला, की तुमचं घर आणि शेजारच्या फेजवरचं घर एकापुढे एक अशी जोडली जातात आणि ते 400 व्होल्ट दोघांत वाटले जातात. ही वाटणी समान होत नाही. ज्याच्या घरी गिझर, इस्त्री असा मोठा भार चालू असेल त्याच्याकडे दाब कमी होतो, आणि ज्याच्या घरी एक पंखा आणि टीव्ही एवढंच चालू आहे त्याच्या वाट्याला 300, 350 व्होल्ट येतात. म्हणजे जो वीज जपून वापरतो त्याचंच जास्त जळतं. गुरुजी त्या वेळी घरात एकटेच होते आणि शांतपणे गाणं ऐकत होते.

लोक विचारतात, मग बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, एमसीबी, का पडला नाही? एमसीबी बघतो तो करंट. दाब किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वस्तू जळून शॉर्ट झाली की मग तो पडतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. या संकटावर उपाय एकच, दाब मोजून लाईन तोडणारं उपकरण. ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर म्हणून मिळतं. मीटरजवळच्या बोर्डात एमसीबीच्या शेजारी बसतं, दाब साधारण 270 व्होल्टच्या वर गेला की घराची लाईन तोडतं आणि दाब जागेवर आल्यावर थोडं थांबून पुन्हा जोडतं. चांगल्या स्टॅबिलायझरमध्येही ही ‘हाय कट’ची सोय असते. एवढं बोर्डात असतं तर गुरुजींचा संच वाचला असता. टीव्हीपुरता स्टॅबिलायझर हवाच असं नाही. टीव्हीच्या मागचं लेबल वाचा. तिथं 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असेल तर कमी दाबाची चिंता सोडा. रिसीव्हर आणि सबवूफर मात्र बऱ्याचदा फक्त 230 चे असतात.

आता स्पाईक गार्डकडे येऊ. त्याच्या आत जी निळी किंवा पिवळी चकती असते तिला व्हॅरिस्टर म्हणतात, झिंक ऑक्साईडच्या बारीक कणांची बनलेली. एरवी ती वीज अडवून धरते. आपली 230 व्होल्टची लाट शिखरावर 325 पर्यंत जाते, तोवर चकती गप्प असते. दाब 430 च्या आसपास गेला की ती क्षणार्धात वाट मोकळी करते आणि जास्तीचा झटका तुमच्या टीव्हीत न जाता तिच्यातून निघून जातो. जवळपास वीज पडते तेव्हा तारांमध्ये काही हजार व्होल्टचा झटका उठतो, पण त्याचं आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजायचं. तेवढ्यासाठीच ही चकती केलेली आहे. गुरुजींकडे साडेतीनशे व्होल्ट आले ते सेकंद न् सेकंद, मिनिटभर. या दाबात प्रत्येक लाटेचं शिखर पाचशेच्या जवळ पोचतं, आणि सेकंदाला 100 वेळा तसा मार बसला की चकती भाजून निघते. पूर थोपवायला आपण छत्री धरली, असं झालं ते.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ही चकती झिजते. प्रत्येक मोठा झटका घेतला की ती थोडी कमजोर होते. पाच-सहा पावसाळे काढलेल्या पट्टीवरचा लाल दिवा लागतो म्हणून ती राखण करतेच आहे, असं समजू नका. बऱ्याच पट्ट्यांमध्ये तो दिवा फक्त वीज आहे एवढंच सांगतो. घेतानाच खोक्यावर किती ज्यूल, म्हणजे पट्टी झटक्याची किती ऊर्जा झेलते, लिहिलंय ते बघा. तो आकडाच नसेल तर तुम्ही स्पाईक गार्डच्या भावात एक्स्टेंशन बोर्ड घेताय. आणि पट्टी पडद्यामागे, गादीखाली दाबून ठेवू नका. थकलेली चकती तापते, तिला मोकळी हवा हवी.

घर स्वतःचं असेल तर याहून बरा उपाय आहे. मुख्य बोर्डात एसपीडी, म्हणजे झटका झेलणारं सर्ज प्रोटेक्शन डिव्हाईस, बसवून घ्या, टाईप 2 म्हणून मागा. त्याला छोटी खिडकी असते, हिरवी म्हणजे ठीक, लाल झाली की बदला. बसवताना त्याच्या तारा अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला वायरमनला बजावून सांगा. तार लांब झाली की झटक्याच्या वेळी तिच्यातच दाब उठतो आणि निम्मा फायदा जातो. बोर्डातला एसपीडी मोठा घाव घेतो, टीव्हीजवळची पट्टी उरलंसुरलं घेते.

पण हे सगळं ज्याच्यावर उभं आहे ते म्हणजे अर्थिंग, आणि तिथं आपल्याकडे फार हयगय आहे. विजेचा झटका फेज आणि न्यूट्रल दोन्हींवरून एकदम चढून येतो. त्याला जमिनीत जायला वाट नसेल तर तो जाणार कुठं? जुने वाडे, चाळी, घाईत बांधलेली घरं, मी शेकडो बोर्ड उघडलेत. तीन पिनांचा सॉकेट झकास असतो आणि वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. वायरमनला मीटर लावायला सांगा. घरात भार चालू असताना न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दाखवायला हवं. अंगणात मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. कोरडी माती वीज घेत नाही.

होम थिएटरवाल्यांना इथं हात जोडून एक सांगतो. सबवूफरमधून बारीक गुणगुण येते, ‘हम्म’ असा आवाज, आणि कुणीतरी सल्ला देतं की अर्थिंगची पिन काढून टाका. आवाज जातोही. पण आत फॉल्ट झाला तर त्या अ‍ॅम्प्लिफायरची पत्र्याच्या पेटीत वीज उतरते आणि तिला तुमचं लेकरू हात लावतं. असं करू नका. टीव्ही, रिसीव्हर, सबवूफर, सेट-टॉप बॉक्स सगळे एकाच बोर्डावरून चालवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. नाहीच गेला आवाज तर ऑडिओच्या वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

आता डिशची वायर. लोक टीव्हीचा प्लग काढतात, अगदी आठवणीनं काढतात, आणि गच्चीवरच्या छत्रीची वायर तशीच लावून ठेवतात. झटका छत्रीवरून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयनं रिसीव्हरमध्ये आणि रिसीव्हरमधून टीव्हीत उतरतो. टीव्ही चालू होतो, पण एकही एचडीएमआय पोर्ट चालत नाही, असे टीव्ही माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात. तेव्हा काढायचं तर दोन्ही काढा. बटण बंद करणं म्हणजे काढणं नव्हे, बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आणि हे गडगडाट सुरू व्हायच्या आधी करा. डोक्यावर विजा कडाडत असताना तारांना हात लावू नका, टीव्ही गेला तर जाऊ द्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, तुमच्या आसपास विजा पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं. मी ते रोज बघतो. शेतात जाणाऱ्यांनी तर ठेवावंच.

परदेशातून येणाऱ्या सामानाबद्दलही दोन शब्द. अमेरिकेतला भाचा प्रेमानं तिकडची सर्ज प्रोटेक्टरची पट्टी आणतो. तिकडची वीज 120 व्होल्टची, तिच्यातली चकतीही त्याच मापाची. आपल्या प्लगात ती अडॅप्टर लावून घातली की तिथंच फुटते. अ‍ॅम्प्लिफायर आणला असेल तर मागचा आकडा आधी वाचा.

राहिला तिसरा प्रकार, लाईट अचानक जाणं. यानं वस्तू क्वचित जळते, पण हार्ड डिस्कवर लिहिणं चालू असेल तर ती बिघडते, आणि दिव्याच्या प्रोजेक्टरचं फार नुकसान होतं. त्यातला दिवा भयंकर तापतो, म्हणून बंद केल्यावरही पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो. लाईट गेली की पंखा जागच्या जागी थांबतो आणि ती सगळी उष्णता आत कोंडते. अशा प्रोजेक्टरला यूपीएस हवाच, पिक्चर पुढे बघायला नव्हे, दिवा नीट थंड व्हायला. 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे 600 वॅट नव्हेत, बहुतेकांत 360 वॅटच मिळतात. तेवढ्यावर टीव्ही, राऊटर, सेट-टॉप बॉक्स चालतील. सबवूफर त्यावर टाकू नका, तबल्याची एक दणदणीत थाप पडली तरी यूपीएस ओरडायला लागतो.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस लिहिलेलं. ते यूपीएसकडे ठेवलं की इन्व्हर्टर लवकर बदल करतो आणि दाब जास्त चढला-उतरला तरी बॅटरीवर जातो. आणि प्युअर साईन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गोलसर लाट देणारा घ्या. चौकोनी लाटेवर ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर गुरगुरतो आणि तापतो. यूपीएसमधून निघणाऱ्या विजेवर पुन्हा स्पाईक गार्डची पट्टी जोडू नका.

बॅटरीचं म्हणाल तर यूपीएसमधली ती छोटी 12 व्होल्टची बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते, आणि आसपासचं तापमान 10 अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. तापलेल्या रिसीव्हरशेजारी बंद लाकडी कपाटात यूपीएस ठेवणं म्हणजे तिला चुलीशी बसवणं. बसवलेली तारीख मार्करनं तिच्या अंगावर लिहून ठेवा, आणि वळिवाच्या आधी एकदा स्वतःच प्लग काढून घड्याळ लावा. पंधरा मिनिटं चालणारी दोन मिनिटांत बसली तर नवी आणा, जुनी दुकानदाराला परत द्या. तिच्यात शिसं आहे, कचऱ्यात जाऊ देऊ नका.

गुरुजींचा रिसीव्हर महिन्याभरानं उभा राहिला. सबवूफरचा बोर्ड मिळाला नाही, तो अजून माझ्या फळीवर आहे आणि मी शोधतो आहे. त्यांच्या घरी आम्ही अर्थिंगचा नवा खड्डा घेतला, बोर्डात प्रोटेक्टर बसवला. परवा वळीव येऊन गेला तेव्हा त्यांचा फोन आला. लाईट आली आहे, पाच मिनिटं झाली आहेत, आता लावू का, असं विचारत होते. मी म्हटलं, लावा गुरुजी.

नमस्कार.