दोर कधी सोडायचा?

मंडळी, समुद्रापासून लांब कोल्हापुरात टगबोटींवर, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या छोट्या ताकदवान बोटींवर व्याख्यान ठेवलंत, याचा मला मनापासून आनंद आहे. तसा विषय आपल्या घरचाच आहे. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग कंटेनरमध्ये बसून न्हावा शेव्यालाच जातं. कंटेनर बंदराच्या गेटातून आत गेला की आपण म्हणतो, माल गेला. माल अजून गेलेला नसतो. जहाज धक्क्याला बांधलेलं असतं आणि ते तिथून सुटणं हे मोठं काम शिल्लक असतं. मी बरीच वर्षं टगवर काढली, म्हणून हे पोटतिडकीनं सांगतोय. टग कुठं सोडावा, हा आजचा मुद्दा आहे. पण आधी पाणंदीची गोष्ट.

आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, काळ्या रानाचं. मी नववी-दहावीत असेन. अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि फडात उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या चाकं रुतून बसल्या होत्या. शेजारच्यांचा ट्रॅक्टर पुढं साखळीनं जोडला, दोघांनी मिळून ओढलं, ट्रॉल्या पाणंदीला लागल्या. पोरांनी टाळ्या पिटल्या. (हशा) तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी हे केलंय, तुमच्या हसण्यावरून कळतंय! पुढं ओढ्याचा उतार होता. तिथं चुलते म्हणाले, "पुढची साखळी सोड, मागं लाव." मला कळेना. निघालेल्या गाडीला मागून धरायचं कशाला? उतारावर वीसेक टन ऊस ट्रॅक्टरला पुढं रेटायला लागला, तेव्हा मागच्या ट्रॅक्टरनं साखळी ताठ धरून सगळा भार पेलला. ओढा पार झाल्यावर एकजण म्हणाला, आता सोडूया. चुलते म्हणाले, "डांबरी लागेपर्यंत सुटायची न्हाई."

पुढं टगवर जे शिकलो, ते त्या साखळीजवळच सुरू झालं होतं.

आता जहाज बघा. आजचं सगळ्यात मोठं कंटेनर जहाज साधारण 400 मीटर लांब, 61 मीटर रुंद असतं. सुकाणूला काम करायला पाणी वाहतं लागतं. पंखा थांबला आणि जहाज मंदावलं, की सुकाणू नुसतं लोंबकळतं. त्यात कंटेनरची रचलेली भिंत म्हणजे शीडच. वाऱ्यासमोर 10,000 चौरस मीटरची बाजू धरली आणि ताशी 45 किलोमीटरचा वारा आडवा आला, तर 100 टनांच्या आसपास जोर बसतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. बंदरातला चांगला ताकदवान टग साधारण 60-70 टन ओढतो. म्हणून एकावर भागत नाही.

पायलट, म्हणजे बंदरातली वाट दाखवणारा जाणकार, जहाजावर चढतो, एक टग नाळेला, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला दोर घेतो, एक मागं. धक्क्याचे दोर सुटले की दोघं जहाजाला आडवं, सावकाश बाहेर काढतात. मग वळवायचं. टगचे पंखे 360 अंशात फिरतात, म्हणून तीसेक मीटरची ही बोट जागच्या जागी गिरकी घेते. कृत्रिम धाग्याचा दोर लोखंडी दोरापेक्षा खूप हलका, पाण्यावर तरंगणारा. पण तोच दोर ताणलेला असताना आडवा आला तर टगला उलथवून टाकतो. तो झटक्यात सोडता यावा अशी सोय असते, तरी टगवाल्याची नजर दोरावरून हलत नाही. वर्तमानपत्रात मात्र जहाजाचा फोटो येतो आणि टग कडेला कापलेला असतो. हे मला आजही सलतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिलीत. मुद्द्यावर येतो.

26 मार्च 2024 ची पहाट. अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून सुमारे 300 मीटर लांबीचं 'डाली' हे कंटेनर जहाज निघालं. बहुतेक खलाशी भारतीय होते. दोन टगांनी धक्क्यावरून काढून दिलं, दोर सुटले, टग परतले. पुलाजवळ वीज गेली. पायलटनं टगांना परत हाक मारली, पण पहिल्यांदा वीज गेल्यापासून पुलाच्या खांबाला धडकेपर्यंत जेमतेम चार मिनिटं होती. पूल कोसळला आणि त्यावर खड्डे बुजवणारे सहा कामगार मेले. तपासात मूळ सापडलं एका सैल तारेत.

लोक म्हणतात, टग नुसता सोबत असता तरी पुरे होतं. मला ते पटत नाही. धावत्या जहाजाला दोर द्यायलाच वेळ जातो. टग मागं बांधलेलाच हवा. मग तो ब्रेकही लावतो आणि जहाजाचं शेपूट खेचून तोंडही वळवतो. तेलवाहू जहाजांबाबत हे आपण मानलंय. अलास्कात 1989 साली टँकरमधून तेल सांडलं आणि 1990 मध्ये अमेरिकेनं कायदाच केला, तिथल्या भरलेल्या टँकरबरोबर दोन टग. कंटेनर जहाजांना सरसकट असा नियम नाही. खर्च वाढेल, हे खरं. टगचं भाडं तासावर मोजलं जातं आणि एजंट ते वाचवायला बघतो. मी म्हणतो, निदान पूल, खडक आणि अरुंद खाडी असलेल्या वाटेवर एक टग मागं बांधून ठेवा, आणि त्याचा दोर धक्क्यापाशी नको, वाट दाखवणाऱ्या शेवटच्या तरंगत्या खुणेपलीकडं, बोयापलीकडं सोडा.

वेळ संपली. ज्यांचे कंटेनर जातात, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.