सामाईक विहीर आणि गुळवंचच्या चिमण्या

श्रोतेहो, नमस्कार.

सिन्नरहून शिर्डीच्या रस्त्याला लागलं, की मुसळगावच्या कारखान्यांच्या पलीकडे, गुळवंचच्या बाजूला एका कोळशाच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. नाशिकहून शिर्डीला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या पाहिल्या असतील. त्यांतून धूर निघालेला मात्र मला तरी आठवत नाही. वीज करणारे पाच संच, प्रत्येकी 270 मेगावॉटचे, मिळून 1,350 मेगावॉट. संच बांधून तयार, आणि केंद्र वर्षानुवर्षं गप्प.

आणि इकडे नाशिकरोडजवळ एकलहऱ्याचं जुनं औष्णिक केंद्र. तिथले 210 मेगावॉटचे तीन संच 1979 ते 1981 या काळात उभे राहिले. त्याआधीचे, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे दोन लहान संच केव्हाच मोडीत निघाले. हे तीन अजून चालतात. म्हातारं चालतंय आणि तरणं झोपलंय. असं कसं झालं, हे मला बरेच जण विचारतात, कारण माझी नोकरी बँकेत गेली आणि त्यातली बरीच वर्षं मोठ्या प्रकल्पांना कर्ज द्यायच्या खात्यात गेली. आज त्याबद्दलच बोलणार आहे: कोळशाची वीज, ती उभी करायला लागणारा पैसा, आणि दोघांनी मिळून मालक व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं.

एकलहरे झालं तेव्हा हिशेब सोपा होता. मालक एकच, राज्याचं वीज मंडळ. वीज करणारं तेच, तारांवरून नेणारं तेच, घराघरांत विकणारं आणि बिल वसूल करणारंही तेच. खर्च जास्त झाला तर तो मंडळाच्या तोट्यात दिसायचा, तोटा सरकारच्या अंदाजपत्रकात जिरायचा. 2003 साली नवा वीज कायदा आला, जून 2005 मध्ये मंडळाचे तुकडे झाले. महानिर्मिती वीज करणार, महापारेषण नेणार, महावितरण विकणार. पूर्वी एका घरातल्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणारा पैसा आता करारावर जाऊ लागला. खासगी कंपन्यांनाही परवान्याशिवाय कोळशावर केंद्र बांधायची वाट मोकळी झाली. गुळवंच त्यातलंच.

आता पैशाचं बघू. औष्णिक केंद्र बांधताना साधारण रिवाज असा, की शंभरातले तीस मालकांनी घालायचे आणि सत्तर कर्जाने आणायचे. वीज नियामक आयोगही दर ठरवताना हेच प्रमाण धरतो. सोयीसाठी हजार कोटींचं केंद्र धरा. तीनशे कोटी भागभांडवल. मालक दोन असतील तर दीडशे-दीडशे. उरलेले सातशे कोटी कर्ज, आणि ते कोणी एक बँक देत नाही. पाच-दहा बँका आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशनसारख्या संस्था मिळून देतात. व्याज अकरा टक्के धरलं तर वर्षाचे सत्त्याहत्तर कोटी. दिवसाचे एकवीस लाख. माझं हे भाषण दहा मिनिटांचं आहे. तेवढ्या वेळात त्या केंद्रावर पंधरा हजारांच्या आसपास व्याज चढतं, मग वीज होवो न होवो. आणि गुळवंचच्या मापाचं केंद्र आज नव्याने बांधायचं, तर आकडा दहा हजार कोटींच्या पुढे सहज जातो. म्हणजे हाच हिशेब दहापट करा.

म्हणून कर्ज देणारा माणूस चिमणीची उंची विचारत नाही. तो चार गोष्टी विचारतो. कोळसा कुठून येणार, तो कोणत्या मार्गाने येणार, पाणी कोण देणार आणि वीज कोण घेणार. चारींची उत्तरं करारात लिहिलेली हवीत, सहीशिक्क्यानिशी. त्यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. पंचवीस वर्षांचा वीज खरेदी करार हातात असेल, तर बँकेला हप्ता कुठून येणार हे दिसतं. तो नसेल, तर आपण सातशे कोटी एका भल्यामोठ्या लोखंडी वस्तूवर दिलेले असतात.

एक कबुली देतो. माझ्या नोकरीत एका परराज्यातल्या केंद्राची फाइल आली होती. बँकेचं नाव सांगत नाही, केंद्राचंही नाही. कोळशाचं आश्वासनपत्र होतं, पण अटींसकट. रेल्वेची जागा ‘प्रक्रियेत’ होती. वीज खरेदीची बोलणी ‘प्रगतिपथावर’ होती. त्या वर्षांत देशात विजेची ओरड इतकी होती, की आज ना उद्या सगळं होईलच, असं सगळ्यांना वाटायचं. त्या टिपणीवर खाली माझीही सही आहे. ते कर्ज बुडीत गेलं. मार्च 2018 मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अशा अडकलेल्या औष्णिक प्रकल्पांची मोजदाद मांडली. चौतीस प्रकल्प, चाळीस हजार मेगावॉट. म्हणजे मी एकटा शहाणा नव्हतो.

गुळवंचला नेमकं याच जागी अडलं. कोळसा आणायचा तर मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गापासून केंद्रापर्यंत वेगळा लोहमार्ग हवा. त्याच्या जमिनीचा तिढा शेतकऱ्यांशी झाला आणि वर्षं गेली. हा लोहमार्ग किती महत्त्वाचा, ते आकड्यांत बघा. 1,350 मेगावॉट भरात चालले, तर दिवसाला अठरा हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. एका मालगाडीत चार हजार टनांच्या आतबाहेर मावतो. म्हणजे रोज चार-पाच मालगाड्या, बारा महिने. हे काम ट्रकने होत नाही. त्यात दीर्घ मुदतीचा वीज खरेदी करारही वेळेत पक्का होईना. शेवटी 2022 साली कंपनी दिवाळखोरी संहितेखाली गेली.

आता याचा जुळा भाऊ बघा. अमरावतीजवळ नांदगावपेठला त्याच उद्योगसमूहाने अगदी असंच केंद्र बांधलं. तेच 270 चे पाच संच, तेच 1,350 मेगावॉट. फरक एवढाच, की त्याच्याकडे महावितरणबरोबर 1,200 मेगावॉटचा करार होता आणि कोळशाच्या खाणी नाशिकपेक्षा जवळ होत्या. ते चालतं. तिथेही सगळं गोड नव्हतं, 2019-20 मध्ये साडेसहा हजार कोटींच्या वरचं कर्ज धनकोंनी, म्हणजे कर्ज देणाऱ्यांनी, सुमारे चार हजार पन्नास कोटींवर मिटवलं. पण चालतं. यंत्रं तीच, मापं तीच. कागद वेगळे.

इथे मला आमच्या निफाड तालुक्यातल्या विहिरीची गोष्ट सांगावीशी वाटते. माझे वडील आणि दोन चुलते, तिघांची सामाईक विहीर. सातबाऱ्यावर तशी नोंद. पाणी पाळीने, दोन-दोन दिवस. वीजबिल तीन वाटे. तोवर बरं चाललं होतं. मग मोटार जळाली ती नेमकी थोरल्या चुलत्यांच्या पाळीत. ते म्हणाले तिघांनी भरा, धाकटे म्हणाले ज्याच्या पाळीत जळाली त्याने भरा. त्या वादात उभा कांदा गेला. पुढे थोरल्यांनी आपला वाटा जमिनीसकट विकला. नवा हिस्सेदार आला, त्याला शेतीच करायची नव्हती. त्याला जमिनीचा भाव चढायची वाट बघायची होती. गाळ काढायची वेळ आली की तो म्हणायचा, मला कुठे पाणी लागतंय?

संयुक्त मालकीच्या वीज केंद्राचं भांडण यापेक्षा फार वेगळं नसतं. फक्त शून्यं जास्त असतात. भागीदारांच्या करारात म्हणूनच आधी भांडणं लिहून ठेवतात. खर्च वाढला तर जादा भांडवल कोण घालणार? एकाने घातलं नाही तर त्याचा वाटा किती घटणार? हिस्सा विकायचा झाला तर आधी भागीदाराला विचारायचं की नाही? केंद्र चालवायचं कोणी, आणि राख कोणी उचलायची? लग्नाआधीच वाटणीपत्र करण्यासारखं हे वाटतं खरं, पण ज्यांनी ते केलं त्यांचं निभावलं.

आपल्या देशात याची चांगली उदाहरणं आहेत. चेन्नईजवळ वल्लूरला केंद्र सरकारची वीज कंपनी एनटीपीसी आणि तमिळनाडूचं वीज मंडळ यांनी निम्म्या-निम्म्या मालकीत 1,500 मेगावॉटचं केंद्र उभारलं. हरियाणात झज्जरला तेवढंच केंद्र आहे, निम्मी मालकी एनटीपीसीची, पाव हरियाणाची, पाव दिल्लीची. यात खुबी काय? वीज घेणारं राज्य स्वतःच मालक असतं. त्यामुळे ग्राहक आधीच पक्का होतो आणि बँकेचा चौथा प्रश्न सुटतो. पण याच झज्जरची वीज दिल्लीला पुढे महाग वाटली आणि आपला वाटा सोडायची मागणी तिने केली. विजेच्या दराला दोन भाग असतात, हे इथे ध्यानात घ्यावं लागतं. एक स्थिर आकार, म्हणजे केंद्र बांधल्याचा खर्च, हप्ते, व्याज, मालकाचा परतावा. दुसरा इंधनाचा. केंद्र तयार ठेवलेलं असेल तर तुम्ही एक युनिट घेतलं नाही तरी पहिला भाग भरावाच लागतो. मालकच ग्राहक असला की त्याला दुकान बदलता येत नाही.

दाभोळ आठवतंय ना? एन्रॉनचं. ते कोळशावरचं नव्हतं, तरी सांगतो. त्यात आपल्या वीज मंडळाचाही पंधरा टक्के हिस्सा होता. म्हणजे मंडळ मालकही आणि एकमेव गिऱ्हाईकही. 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि 2001 मध्ये बंद पडला. पंधरा टक्क्यांच्या मालकाला दर ठरवता येत नव्हता, बिल मात्र सगळं त्याच्याच नावावर. लहान हिस्सेदाराने आपण मालक आहोत असं समजू नये, हे मी तेव्हा शिकलो.

आता गुळवंचकडे परत येतो. एनटीपीसी आणि महानिर्मिती यांनी मिळून, निम्म्या-निम्म्या भागीदारीत, ते केंद्र घ्यायचा प्रस्ताव दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दिला. माझ्या मते यात खरा नफा किमतीत आहे. तयार केंद्र मूळ खर्चापेक्षा पुष्कळ स्वस्तात हाती आलं, तर नव्या मालकांच्या डोक्यावर कर्ज कमी राहतं आणि स्थिर आकारही कमी बसतो. जुन्या धनकोंनी जो तोटा सोसला, तोच नव्या विजेचा दर खाली आणतो. त्यातला काही तोटा सरकारी संस्थांचा, म्हणजे फिरून तुमचा-माझाच, हे मी बँकवाला असल्यामुळे विसरत नाही.

पण स्वस्त केंद्राने खाण जवळ येत नाही. चंद्रपूरच्या खाणी नाशिकपासून सातशे किलोमीटरच्या आसपास आहेत. तिथून इथे येईपर्यंत कोळशावर रेल्वेचं भाडं चढतं. वीज घेताना राज्यात आधी स्वस्त इंधनाच्या केंद्राला बोलावतात, महागड्याला मागाहून. एकलहऱ्याला हाच मार बसतो, संच तयार असूनही ते नंबराला मागे राहतात. गुळवंचलाही तोच नंबर लागू होणार. दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा तर कोळशाच्या संचांना वेग कमीच करावा लागतो. संध्याकाळी सात ते दहा त्यांची खरी गरज, आणि हे जुन्या पद्धतीचे मोठे बॉयलर काही पंख्याच्या बटणासारखे नसतात. शिवाय राख. आपल्या कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. अठरा हजार टन कोळशामागे दिवसाला सहा हजार टन राख. एकलहऱ्याच्या आसपास राहणाऱ्यांना उन्हाळ्यात वारा सुटला की वाळत घातलेल्या कपड्यांचं काय होतं, ते मी सांगायला नको.

परवा सिन्नरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. म्हणाला, साहेब, सरकारी कंपन्या ते केंद्र घेतायत म्हणतात, तर आमच्या पोरांना कामं लागतील का? मी त्याला विचारलं, तुझ्या शेताजवळून जो रूळ जायचा होता, तो कुठवर आलाय? तो म्हणाला, बघून सांगतो. त्याच्या फोनची वाट बघतोय.

नमस्कार.