पिठातला जीव

(दृश्य: फोंड्यातलं स्वयंपाकघर, सोऱ्यातून उतरणारी चकली)

चवथ तोंडावर आलीय. आई चकल्या पाडतेय. "पाणी बेतानं घाल गो," असं सुनेला तिसऱ्यांदा बजावून झालंय. पीठ सैल झालं की चकली ताटात पसरते. घट्ट झालं की सोऱ्या दाबताना मनगट भरून येतं.

जिवंत पेशी थ्रीडी प्रिंटरवर छापणाऱ्यांचीही पंचाईत हीच. फक्त त्यांच्या पिठात जीव असतो.

त्या पिठाला म्हणतात बायोइंक. पेशी कालवायला जेल लागतं, बऱ्याचदा अल्जिनेटचं. ते निघतं तपकिरी समुद्रशैवालातून. हणजूणच्या खडकांवर ओहोटीला दिसणारं सारगॅसम त्याच गोतातलं. अल्जिनेटच्या धारेला कॅल्शियमचं पाणी लागलं की ती जागीच थिजते. पण घट्ट जेल बारीक सुईतून रेटलं, तर त्या ताणानं पेशींची पटलं फाटतात. आकार देखणा, आत सगळ्या मेलेल्या.

दुसरी वाट अशी, की आधी नुसता स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना आधार देणारा सांगाडा, छापायचा आणि मग त्यावर पेशी पेरायच्या. मांडवावर दोडकी चढवतो, तसंच. वेलानं जम धरला की हा मांडव आपोआप विरत जातो, एवढाच फरक.

(दृश्य: घरामागचं कुळागर, पाटाचं पाणी)

खरी अडचण इथं, पोफळींत कळते. पाट तुंबला की आतली झाडं आधी माना टाकतात. शरीरातही सर्वांत जवळच्या केशवाहिनीपासून 100 ते 200 मायक्रॉनपलीकडे, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीपलीकडे, पेशीला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही.

कानाची कूर्चा त्यातल्या त्यात सोपी, कारण तिच्यात रक्तवाहिन्या नसतातच. 2022 मध्ये अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच पेशींपासून छापलेला कान बसवला. यकृत, मूत्रपिंड? ती छापल्याच्या बातम्या येत असतात. रुग्णाच्या पोटात मात्र अजून एकही गेलेलं नाही.

तिथं आधी पाट खणावे लागतात. जेलच्या पोटात जिलेटिनचे धागे छापायचे. 37 अंशांच्या उबेत ते वितळून वाहून जातात, मागे राहतात पोकळ नळ्या. त्यांना आतून रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी लावायच्या, आणि मग पंप सुरू करायचा.

गुलाबी पोषकद्रव एका टोकानं आत शिरतो. सगळ्यांचे डोळे दुसऱ्या टोकाकडे: थेंब येतो का?